बिरूचं घोंगडं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायको हयात असती तरी तिला सांगितली नसती. तिला माझं खोटं चेहऱ्यावरून कळायचं, म्हणून तर नक्कीच नसती. तसा मी अबोल माणूस नव्हे. बत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. कडेगावच्या आसपास कुणाचा सत्कार असो, कुणाचा साखरपुडा असो, माइक फिरत फिरत माझ्याकडंच येतो. लोक चेष्टा करतात — गुरुजींना शेवटी बोलू द्या, नाहीतर जेवणं थंड होतील. असा मी. आणि या एका बाबतीत तीन वर्षं तोंडाला कुलूप. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणूनच कदाचित जमेल. बघू.

किल्ल्यापासून सुरुवात करतो. म्हणजे इथंही टाळाटाळच चालली आहे, मला कळतंय. पण किल्ल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

मला किल्ल्यांचं वेड. नोकरीत असताना वर्षाला एक गड ठरलेला — अजिंक्यतारा, सज्जनगड, कोरेगावकडचा वर्धनगड. पोरांना एसटीनं न्यायचो, भाकऱ्या फडक्यात बांधून, आणि बुरुजावर उभं करून घसा बसेपर्यंत बोलायचो. माझी मुलगी रेवती नोकरीसाठी जपानला गेली, समुद्रकाठच्या एका शहरात. शहराचं नाव लिहीत नाही. मी निवृत्त झाल्यावर तिनं मला तीन आठवड्यांसाठी बोलावून घेतलं. जायच्या आधी दोन महिने मी तिथल्या किल्ल्याची चित्रं बघत होतो. पांढऱ्या भिंती, एकावर एक पाच छपरं, खाली दगडाचं जोतं. आपले गड डोंगरावर, त्यांचा गावाच्या मधोमध. हे बघायचंच, असं मी मनाशी धरलं होतं. आयुष्यात एवढं एकच मागितलंय, असंही म्हणायचो. ते खरं नव्हतं, पण म्हणायचो.

आता बिरू.

बिरू माझा विद्यार्थी. अभ्यासात बेताचा, पण गडावर सगळ्यांच्या आधी दरवाजात पोचलेला असायचा. त्याची आई सुंदराक्का. धनगराचं घर, आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातून मेंढरं घेऊन ही माणसं आमच्या शिवारात यायची. नवरा गेला आणि अक्का पोराला घेऊन गावाबाहेरच्या माळावर कायमची राहिली. दोघंच. बिरूनं आयटीआय केलं आणि तिकडं माणसं पाठवणाऱ्या कुणाच्या तरी ओळखीनं जपानला गेला. योगायोग म्हणा, रेवतीच्या शहरापासून रेल्वेनं दोन तासांवर. समुद्रात तराफे बांधून शिंपले वाढवतात, त्या कामावर. पावसाची वाट बघत वाढलेलं पोर, त्यानं समुद्र पहिल्यांदा तिथंच बघितला. फोनवर आईला सांगायचा, आये, शेतीच करतोय, पाण्यातली. अक्का हे गावभर सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या.

दुसऱ्या हिवाळ्यात तो बोट आणि धक्का यांच्यामध्ये सापडला.

अस्थी आल्या, पांढऱ्या डब्यात. त्याची सूटकेस आली. आणि एका पानाचं पत्र — अपघात झाला, आम्हांला खेद आहे. एवढंच. सूटकेसमध्ये घोंगडं नव्हतं. ते अक्कांनी स्वतः सूत कातून दिलं होतं, आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं. सणगराकडून विणून घेतलं, आणि एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचे चार टाके घातले, हरवलं तर ओळखू यावं म्हणून. नवं घोंगडं खळीनं कडक असतं, अंगाला टोचतं. बिरू नको म्हणत होता. अक्कांनी बॅगेत कोंबलं.

मी जपानला निघालोय हे कळल्यावर अक्का घरी आल्या. पदराच्या गाठीतून भंडाऱ्याची पुरचुंडी काढली, बिरोबाच्या देवळातला. म्हणाल्या, “आवं गुरुजी, तुमी तिकडंच निगालाय म्हणं. जितं माजं लेकरू पडलं तितं एवढा भंडारा टाका. देवाला त्याची जागा तरी घावंल. आन् घोंगडं कुणाकडं ऱ्हायलं आसंल तर बगा. आन् इचारा कुणाला तरी — शेवटाला एकलाच व्हता का वं त्यो?”

तीन कामं. मी छातीला हात लावून म्हणालो, अक्का, माझ्यावर सोडा.

तिथं गेल्यावर रेवतीनं सगळं जुळवून आणलं, तिला दोष देता येणार नाही. कामगारांच्या कचेरीत एक दुभाषी बाई होती, तिच्यामार्फत बिरूच्या मालकाचा पत्ता लागला. सत्तरी उलटलेला म्हातारा, त्याच्याच बोटीवर बिरू असायचा. म्हातारा म्हणाला, गुरुवारी अकरा वाजता माझ्या गावच्या स्टेशनावर या, मी जागा दाखवतो. झालं. ठरलं.

आणि किल्ला? दुरुस्तीसाठी बंद होता. माझ्या नशिबानं उघडला तो गुरुवारीच. शुक्रवारी माझं विमान.

मी गुरुवारी सकाळी रेवतीला म्हणालो — हे मी शब्दन् शब्द लिहितो — “अगं, अक्कांनीच निघताना सांगितलंय, गुरुजी, तिकडं जाऊ नका, जखम उकरू नका. मीच उगाच तुला कामाला लावलं.” मग तिनं दुभाषी बाईला निरोप टाकला. आणि आम्ही किल्ला बघायला गेलो.

किल्ला सुंदर होता. नव्हता असं म्हणू का? म्हटलं तर तुम्हांला बरं वाटेल, पण होता. दारात बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे, जिने शिडीसारखे उभे, लाकूड तळव्याला थंडगार. जंग्या बघितल्या, म्हणजे बंदूक रोखायची भिंतीतली भोकं, तिरपी, आपल्यासारखीच. मी रेवतीला सज्जनगडाच्या तटाची माहिती देत होतो. सर्वांत वरच्या मजल्यावर चारी बाजूंनी खिडक्या. समुद्र दिसत होता, छोटी छोटी बेटं, आणि लांब पाण्यावर काळ्या आडव्या रेघा. रेवती म्हणाली, बाबा, ती शिंपल्यांची शेती. मी घड्याळ बघितलं. सव्वाअकरा. मग मी तिला म्हणालो, माझा एक फोटो काढ, मागं छप्पर येऊ दे.

खाली बाग. बागेतच एक देऊळ, लाल कमान, हात धुवायला दगडी कुंड आणि बांबूची पळी. हात धुऊन रुमालासाठी खिशात हात घातला आणि पुरचुंडी लागली. भंडारा. रेवतीनं घेऊन दिलेलं नवं जाकीट, दुधी रंगाचं — खिशाला पिवळा डाग धरायला लागला होता. मला पहिलं वाईट वाटलं ते जाकिटाचं. हे सांगायची काही गरज नव्हती, पण सांगतोय.

तळ्याच्या काठाला एक पाइनचं जुनं झाड होतं. फांद्या इतक्या लांब पसरलेल्या की जागोजागी लाकडाचे टेकू दिलेले, म्हाताऱ्याच्या काखेत काठी द्यावी तसे. रेवती तिकिटाच्या खिडकीकडं गेली होती. मी झाडाखाली गेलो आणि पुरचुंडी शेवाळावर मोकळी केली. मनात म्हणालो, टाकला. आता टाकला म्हणणं खोटं नाही.

एवढ्यात एक बाई आली. बागेत झाडणारी, हातात पांढरे मोजे, वयानं अक्कांएवढी असेल. तिनं माझ्यापुढं कमरेत वाकून नमस्कार केला, आणि गुडघ्यावर बसून इवल्या झाडूनं तो भंडारा सुपलीत भरून घेतला. चिमूटभरही शिल्लक ठेवला नाही. पुन्हा वाकली आणि गेली. मी झाडाचा फोटो काढला.

संध्याकाळी हॉटेलात जेवताना रेवतीचा फोन वाजला. निरोप म्हाताऱ्याला पोचलाच नव्हता. तो मोबाइल वापरत नाही, आणि निरोप गेला तेव्हा तो घरातून निघालेला होता. स्टेशनाच्या बाकावर दोन वाजेपर्यंत बसला आणि परत गेला. रेवतीनं ताट बाजूला सारलं. मी “अरेरे” म्हणालो आणि भात संपवला.

गावी परत आलो, दुसऱ्याच दिवशी माळावर गेलो. वाटेत मनाशी म्हणत होतो, खरं सांगू, वेळ मिळाला नाही म्हणू. माणसाला वेळ मिळत नाही, त्यात काय एवढं? अक्का दारातच उभ्या होत्या. मला लांबून बघून त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. त्या पदर नीट करण्यानं — नाही, पदराचा काय दोष. त्यांनी विचारलं, टाकला? मी म्हणालो, टाकला. त्यांनी विचारलं, आन् घोंगडं? आणि मी, एका श्वासात, जणू पाठच करून गेलो होतो, म्हणालो, “घोंगडं त्याच्या अंगावरच घातलं होतं, अक्का. संगंच गेलं.”

अक्का खाली बसल्या. पांढरा डबा आला तेव्हा ही बाई रडली नव्हती, ती त्या दिवशी रडली. मग डोळे पुसून म्हणाल्या, “बरं झालं. थंडी लय आसती म्हणं तितं.” आणि माझ्या पाया पडल्या. माझ्याहून मोठी बाई. मी पाय मागंही घेतले नाहीत.

त्यांनी जागेचा फोटो मागितला. मी पाइनचा दिला. इथंच, म्हणालो, ह्याच झाडाखाली टाकला. आजूबाजूचं पाणी बघून त्यांना ते समुद्राचं वाटलं. बागेतलं तळं ते. कडेगावात नेऊन त्यांनी फोटोला फ्रेम करून आणली. आता तो बिरूच्या फोटोशेजारी आहे, हळद-कुंकू लावलेला, हार घातलेला. आल्यागेल्याला दाखवतात — टेकू दिल्यात बगा झाडाला, किती जपत्यात ती माणसं, माजं लेकरू सावलीला हाय. वर्षश्राद्धाला त्यांनी मला पाटावर बसवून टॉवेल, टोपी, नारळ दिला, माळावरच्या सगळ्या घरांसमोर. मी टोपी घालून घेतली. वर दोन शब्द बोललो.

शाळेनंही “जपानमधले किल्ले आणि बागा” यावर व्याख्यान ठेवलं. पडद्यावर चित्रं दाखवत मी शेवटी बिरूचा विषय काढला. धक्का कसा होता, लाटा कशा येत होत्या, झाडाखाली टाकलेला भंडारा वाऱ्यानं पाण्यावर कसा पसरला, सगळं सांगितलं. न बघितलेलं. पुढच्या सतरंजीवर अक्का बसलेल्या. मी इतकं चांगलं आयुष्यात कधी बोललो नव्हतो, आणि बोलताना मला ते कळत होतं, आणि आवडत होतं.

इथं थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, जाऊ द्या, म्हातारीला आधार मिळाला. मीही तेच म्हणत आलो. म्हणूनच इथं थांबता येत नाही.

बुधवारचं सांगायचं राहिलंय. किल्ल्याच्या आदल्या संध्याकाळचं. दुभाषी बाईचा लांबलचक निरोप आला होता, रेवतीनं मला वाचून दाखवला. म्हाताऱ्याकडं त्या मुलाची एक लोकरीची चादर आहे. काळी, जाड. एका कोपऱ्याला लाल दोरा. त्याच्या आईला द्यायची म्हणून त्यानं जपून ठेवली आहे. टपालानं पाठवायचा त्याला धीर होत नाही, हातात द्यायची आहे. आणि शेवटी तो मुलाजवळ होता, तेही त्याला सांगायचं आहे.

म्हणजे मला माहीत होतं. घोंगडं कुठं आहे ते माहीत होतं, शेवटी जवळ कोण होतं ते माहीत होतं, आणि हे सगळं अकरा वाजता एका बाकावर माझी वाट बघत बसणार आहे, हेही. रेवतीनं सकाळी विचारलंच, बाबा, मग घोंगडं? मी म्हणालो, अक्कांना नको आहे, बघवणार नाही म्हणाल्या. अक्कांच्या नावावर मी किती खोटं खपवलं त्याला सुमार नाही.

का केलं? वर्षभर मी स्वतःला समजावत होतो की, मला ती जागा बघायची भीती वाटत होती, माझा विद्यार्थी होता, मन धजेना. ऐकायला बरं वाटतं. पण भीतीबिती काही नव्हती. मला किल्ला बघायचा होता.

पुढं ऐका. दीड वर्षानं रेवती दिवाळीला आली आणि बॅगेतून एक बोचकं काढलं, निळ्या कापडात बांधलेलं. म्हाताऱ्यानं बोट विकली, तब्येत खालावली. शेवटी दुभाषी बाईमार्फत त्यानं ते रेवतीकडं पोचवलं. घोंगडं धुऊन, घडी घालून ठेवलेलं. कडकपणा सगळा गेलेला, हाताला मऊ लागत होतं. लाल टाके जिथल्या तिथं. घडीत एक कागद. रेवतीनं तो वाचून मला मराठीत सांगितला, आणि माझ्या सांगण्यावरून खाली लिहूनही दिला.

म्हाताऱ्यानं लिहिलं होतं — पहिल्या हिवाळ्यात मुलगा ही चादर पांघरून बोटीवर यायचा, आम्ही सगळे हसायचो. मग मला ताप आला तेव्हा त्यानं ती माझ्या अंगावर घातली, आणि मी ती परत करायची विसरलो. त्या दिवशी आम्ही त्याला पाण्यातून वर काढला तेव्हा तो जिवंत होता. गाडी येईपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला अर्थ कळला नाही. त्याच्या आईला कळेल म्हणून जसा ऐकू आला तसा लिहून ठेवला आहे.

त्या लिपीतली दोनच अक्षरं. रेवतीनं मोठ्यानं वाचली. आ. ये.

तिनं कागद घडीत परत ठेवला. मग म्हणाली, बाबा, अक्कांना नको असलं तरी हे द्या. आत्ताच्या आत्ता जाऊ या. मी म्हणालो, सणाचं नको, तू गेल्यावर मी निवांत नेतो. ती परत गेली. फोनवर तिनं विचारलं, दिलं का? दिलं, म्हणालो. अक्का छातीशी धरून बसल्या, म्हणालो. तिला हुंदका आला, तो मी ऐकला.

दिलं नाही. कसं देणार? ते तर त्याच्या अंगावर जळालं होतं, मीच जाळलं होतं. घोंगडं दिलं की घोंगड्याचं खोटं उघडं पडणार, मग झाडाचं, मग भंडाऱ्याचं, मग टॉवेल-टोपीचं. शाळेत मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो — “घोंगडं भिजत पडणे”, वाक्यात उपयोग करा. पोरं काहीबाही वाक्यं करायची आणि मी लाल शाईनं दुरुस्त करायचो.

घोंगडं माझ्या लोखंडी कपाटात आहे, खालच्या कप्प्यात, बायकोच्या साड्यांशेजारी. कागद घडीतच आहे. दर दोन महिन्यांनी मी डांबराच्या गोळ्या बदलतो.

गेल्या सोमवारी माळावर गेलो होतो. अक्का आता थकल्या, मेंढरं भावकीतल्या पोरांकडं दिली, डोळ्यांनी अंधुक दिसतं. पण माणसाचा हात हातात घेऊन ओळखतात, आणि लोकर तर अंधारातही ओळखतील. मी फोटोखाली बसलो. ती माझी ठरलेली जागा. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं, थंडीचं, कुणाच्या लग्नाचं. मग चुलीकडं तोंड करून त्यांनी विचारलं,

“गुरुजी, तुमी समद्यास्नी भेटून आलाय म्हणून इचारती. शेवटाला काय बोललं आसंल का वं पोरगं?”

मी म्हणालो, “न्हाई अक्का. काय कळायच्या आतच गेला.”

त्यांनी मान हलवली. दोनदा. मग कपात चहा गाळला, बशी पदरानं पुसली आणि माझ्यापुढं सरकवली. मी चहा घेतला आणि घरी आलो.